पत्र्यावरचे बारा शब्द

त्या वर्षी गावच्या विहिरी आटल्या आणि काकांचा धंदा वाढला. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्यामुळे काकांना धड दुःखही करता येईना.

पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. यायची वेळ अकराची. म्हणजे कधी दहा, कधी दोन. भांडी मात्र उजाडायच्या आत रांगेत लागलेली असायची. हंडे सगळ्यांचे सारखेच, कळशा सारख्याच, आणि घाईही सगळ्यांना सारखीच. टँकरचा पाइप सुटला की जी धांदल उडायची तीत दर खेपेला दोन-चार भांडी बदलायची आणि एखादं कायमचं जायचं. मग लोकांना आठवायचं, की भांड्यांवर नावं घालणारा माणूस आपल्या गावात अजून आहे.

सगळे त्यांना नाववाले काका म्हणत. त्यांचं स्वतःचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि स्वतःच्या भांड्यांवर नाव घालायला त्यांना पस्तीस वर्षांत सवड मिळाली नव्हती. घराच्या ओट्यावर गोणपाट अंथरून ते बसत. पुढ्यात लाकडाचा ओंडका, त्यावर उपडं घातलेलं भांडं, डाव्या हातात करंगळीएवढी छिन्नी, उजव्या हातात हातोडी. डाव्या अंगठ्याचं नख चपटं झालेलं. ते नख मूळचं कसं होतं हे काकूंनाही आठवत नव्हतं.

कोरायची पद्धत काकांच्या वडिलांनी घालून दिलेली. डोळा भांड्यावरून हलायचा नाही. कागदाकडे बघायला मान वळली की छिन्नी सरकते, आणि एकदा कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. म्हणून कागद दुसऱ्यानं धरायचा, एकेक अक्षर वाचायचं. कोरणाऱ्यानं ते परत म्हणायचं, वाचणाऱ्यानं ‘हां’ म्हणायचं, मगच घाव घालायचा. लग्न होऊन आल्याच्या पुढच्या आठवड्यात काकूंच्या हातात कागद आला, तो अजून सुटला नव्हता.

सुरुवातीला काकू इतक्या हळू वाचत, की गिऱ्हाइकाला वाटे नवराबायकोचं काही खाजगी चाललंय. थोडंफार ते असेही. एकदा शाळेतल्या बाई पितळी डबा घेऊन आल्या. त्यांना नाव झाकणाच्या आतल्या बाजूला हवं होतं, जिथं कुणी बघत नाही. नाव त्यांच्या नवऱ्याचं नव्हतं. काकूंनी ते जवळजवळ श्वासावरच वाचलं, काका त्याहून हळू म्हणाले, आणि बाई डबा पदराखाली घेऊन गेल्या. त्या नावाचा उच्चार काका-काकूंनी त्यानंतर आपसातही केला नाही.

चोऱ्या तेव्हाही होत. पण चोराची पंचाईत होई. गावच्या तेल्याचं मोठं पातेलं एकदा गेलं. चोरानं ते तीन बाजार फिरवलं; जिथं जाई तिथं दुकानदार बूड उलटं करून विचारी, “हे तेली तुमचे कोण?” शेवटी महिन्याभरानं पातेलं तेल्याच्या दारात परत आलं. नावाची पहिली दोन अक्षरं खिळ्यानं खरडलेली होती. पुढं बहुधा त्याला कंटाळा आला असावा. काका ही गोष्ट अजून सांगत, आणि सांगताना चोराबद्दल त्यांच्या आवाजात जरा माया असे. कारागिराच्या कामाची इतकी कदर पुढं कुणीच केली नाही.

मग स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, आणि शहरात विजेवर चालणारं कोरायचं यंत्र आलं. पितळेत छिन्नी बसते, स्टीलवर ती नाचते. पस्तीस वर्षांच्या ठोक्यांनी काकांचे कानही गेले. अगदी ठार नाही. पण काकूंना आता अक्षरं ओरडून वाचावी लागत. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तरी कुणाचा हंडा कोरला जातोय ते कळे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. हंड्यावरचं नाव शेवटी लोकांनी वाचावं म्हणूनच घालायचं असतं.

तर अशा त्या उन्हाळ्यात, टँकरच्याच एका दिवशी, जावई आले.

जावई तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करत. माणूस गोड, हात हलका, आणि बोलताना समोरच्याच्या फोनकडे बघायची सवय. काका-काकूंची एकुलती एक मुलगी चिमी त्यांना दिली होती. चिमी तिथल्याच दवाखान्यात सिस्टर होती. सलाइन लावता लावता रोग्यालाही हसवील अशी. दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. त्याच खोल्या विकत घ्यायच्या म्हणून आठ वर्षं पैसे साठवत होती. घरमालक आता विकायला तयार झाला होता.

“मामा, एक काम होतं,” जावई ओट्यावर टेकत म्हणाले. “पण गुपचूप करायचंय.”

“काय?”

“गुपचूप!” जावई ओरडले.

रांगेतली दहा-बारा डोकी वळली. काकूंनी दोघांनाही आत घेतलं, जावयांना पाण्याचा तांब्या दिला. त्या दिवसांत ती मोठी सरबराई होती. जावयांनी खिशातून एक कोरी स्टीलची पट्टी काढली, पोस्टकार्डाएवढी, आणि घडी घातलेला कागद. कागदावर बारा इंग्रजी शब्द होते.

“आमचे सगळे पैसे मी फोनमधल्या नाण्यांत घातलेत,” जावई काकांच्या कानाशी येऊन म्हणाले. “क्रिप्टो. बँकेपेक्षा सुरक्षित. कुणी गोठवू शकत नाही, कुणाला कळतही नाही.”

“नाणी म्हणता, तर ती असतात कुठं?” काकांनी विचारलं.

“कुठंच नसतात मामा. तीच तर गंमत आहे.”

“मग हरवतात कशी?”

“हे बारा शब्द म्हणजे किल्ली. शब्द हरवले की नाणी गेली.”

“आणि शब्द दुसऱ्याला सापडले तर?”

“मग नाणी त्याची.”

“त्यावर नाव नसतं?”

“नाव नसतं हाच तर फायदा!”

काकांनी काकूंकडे बघितलं. आयुष्यभर ज्या गोष्टीवर दोघं जगली ती नसण्यातही फायदा असतो, हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं.

“चिमीला विचारलंत?” काकू म्हणाल्या.

“ती म्हणते पोस्टात ठेवा. आता तिला काय सांगायचं! कागद भिजतो मामी, जळतो, फोन पडतो. बाहेरच्या देशांत लोक स्टीलवर कोरून ठेवतात.”

“शहरात यंत्रवाला आहे की,” काका म्हणाले.

“परक्यावर कसा विश्वास ठेवायचा?” जावई म्हणाले. “घरचं माणूस असताना?”

यावर काका विरघळले. जावयांनी दुकान उघडायचं म्हणून निघताना तीनदा बजावलं: दार लावा, खिडकी लावा, कुणाला दाखवू नका, आणि झालं की कागद जाळून टाका. पट्टी आपण उद्या येऊन नेऊ.

काकांनी शब्दन् शब्द पाळला. दार लावलं, आतून अडसर घातला. खिडकी लावली. वीज नव्हती, त्यामुळे पंखा बंद. खोलीची भट्टी झाली. ओंडका आत आणला, पट्टी चार खिळ्यांत जखडली, तरी छिन्नी सरकायला बघत होती. काकांच्या भुवयांवरून घाम पट्टीवर पडे, तो ते मनगटानं पुसत. काकू कागद घेऊन समोर बसल्या. सातवीपर्यंत शिकल्या होत्या. इंग्रजी शब्दांची ओळख नसली तरी अक्षरांशी होती.

“ओ!” काकू ओरडल्या.

“ओ?” काका ओरडले.

“हां! आर!”

“आर?”

“हां! ए!”

असं करत करत ‘ऑरेंज’ झाला. मग ‘लॅडर’. मग ‘जज’, मग ‘डक’. प्रत्येक शब्द पुरा झाला की काकू पद्धतीप्रमाणे तो सबंध एकदा म्हणत, आणि काका सबंध एकदा परत म्हणत. बारा शब्द, प्रत्येक अक्षर दोनदा, प्रत्येक शब्द दोनदा. भिंतीपलीकडं हातभर अंतरावर पन्नास माणसं टँकरची वाट बघत सावलीला बसली होती. ती सावली काकांच्याच भिंतीची होती, म्हणून तर रांग तिथं लागायची. करायला काही नसलेली पन्नास माणसं.

दोन तासांनी काकांनी दार उघडलं तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं आणि बाहेर सभा संपल्यासारखी शांतता होती.

“झालं का काका?” पिठाच्या गिरणीवाल्या मावशींनी हंड्यावर बसल्या बसल्या विचारलं.

“काय झालं? काही नाही. आराम करत होतो.”

“काकू इंग्रजी शिकतायत वाटतं,” म्हातारे पोस्टमनआजोबा म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं गावची पत्रं वाटली होती, आणि निवृत्त होऊनही गळ्यातली पिशवी काढली नव्हती.

“शिकतेय थोडं थोडं,” काकू लाजून म्हणाल्या.

काकांनी कागद चुलीत घातला, पट्टी धान्याच्या कणगीत खोल खुपसली आणि समाधानानं हात धुतले. दार लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जावई पट्टी घेऊन गेले. सगळं सुरळीत झालं. रांगेचीही सोय झाली. रांगेत नंबरावरून दर खेपेला भांडणं होत. पहिला कोण, तिसरा कोण, मी कालच हंडा ठेवला होता. आता लोकांनी पहिल्या बारा हंड्यांना ते बारा शब्द वाटून टाकले. नंबर विसरतो, शब्द विसरत नाही. गिरणीवाल्या मावशी दोनदा ‘डक’ झाल्या आणि दोन्ही वेळा तक्रार केली, की ‘जज’ म्हटलं असतं तर काय बिघडत होतं.

पाच दिवसांनी सकाळी जावई आणि चिमी मोटरसायकलवरून आली. जावयांचं तोंड उतरलेलं. चिमी दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच होती.

“गेले,” जावई म्हणाले.

“कोण?” काकू घाबरून म्हणाल्या.

“पैसे! सगळे. फोन उघडून बघतो तर काही नाही. कुणीतरी बारा शब्द वापरून काढून नेले.” त्यांनी काकांच्या कानाजवळ तोंड नेलं. “मामा! दार लावलं होतं ना?”

“लावलं होतं की. अडसर घातला होता.”

“मग शब्द बाहेर गेले कसे?”

तेवढ्यात भिंतीपलीकडं टँकरचा भोंगा वाजला आणि कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, “चला, ऑरेंज पुढे घ्या! लॅडर कुठं गेली? ए लॅडर! जजची कळशी सरकवा रे!”

जावई उभेच राहिले. बाहेर बाराच्या बारा शब्दांचा ओळीनं पुकारा झाला, एकही इकडचा तिकडं नाही. चिमीनं कपाळाला हात लावला. काकांना ऐकू आलं नव्हतं. ते आपले तिघांच्या तोंडाकडं बघत राहिले.

“काय झालं?” ते म्हणाले. “चिमे, काय झालं?”

कुणीतरी ते त्यांना ओरडून सांगायला हवं होतं. कुणाच्यानं ओरडवेना.

निघताना जावई काकांना काही बोलले नाहीत. ते चिमीला म्हणाले, “तुझ्या माहेरी गेलेत, माहेरानंच शोधावेत. तोवर राहा इथं.” मोटरसायकल तीनदा किक मारल्यावर सुरू झाली. त्या तीन किकांत कुणी त्यांना थांबवील म्हणून ते वाट बघत असावेत, पण चिमी पाठ फिरवून आत गेली होती.

काकांनी दोन दिवस अन्नाला नीट हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टँकर यायच्या आत ते रांगेशी गेले. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हात मागं बांधलेले. गिरणीवाल्या मावशींपासून सुरुवात केली.

“मावशी, ते शब्द तुम्ही कुणाला सांगितलेत का?”

“कोणते शब्द?”

“ते. डक वगैरे.”

“माझ्या सुनेला सांगितले. म्हटलं मी डक आहे. हसली ती. का?”

“पैसे गेलेत. जावयांचे. त्या शब्दांनी चोरलेत.”

मावशींचं तोंड हळूहळू बंद झालं. “म्हणजे मी चोरले?”

“तसं नाही…”

“तुमच्या भिंतीला टेकून बसते म्हणून चोरटी झाले होय मी? तीस वर्षं तुमचं दळण दळतेय काका, कधी मूठभर पीठ कमी आलं? सांगा!”

काकांना यातलं निम्मंच ऐकू आलं, पण निम्म्यानं भागलं. ते पुढच्या माणसाकडं गेले. मग त्याच्या पुढच्या. प्रश्न तोच, फक्त आवाज दर वेळी जरा बारीक होत गेला. प्रश्न ऐकून पोस्टमनआजोबांनी गळ्यातली पिशवी पुढं ओढली. चाळीस वर्षांत हजारो पत्रं त्यांच्या हातून गेली, एकाचंही पाकीट वाफेवर धरलं नव्हतं. ते उठले, आपली कळशी उचलली आणि रस्त्याच्या पलीकडं नेऊन ठेवली. त्यांच्यामागं मावशींचा हंडा गेला. मग एकेक करून सगळीच भांडी गेली.

पलीकडं सावली नव्हती. नुसता उघडा रस्ता आणि गटाराची फरशी. त्या दिवसापासून रांग तिकडंच लागायला लागली. पन्नास माणसं उन्हात, डोक्यावर पदर, रुमाल, पुठ्ठे घेऊन बसत. काकांच्या भिंतीची सावली रिकामी राही. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. फक्त इकडं कुणी बसेना. आणि भांडी कोरायलाही कुणी येईना. लोकांनी हंड्यांच्या गळ्याला चिंध्या बांधल्या, कुणी रंगाचे ठिपके दिले.

काका ओट्यावर बसून छिन्न्यांना धार लावत. कोरायला काही नसताना लावलेली धार फार चांगली बसते.

हवालदार चौकशीला आले. तेही पाण्याच्या रांगेतले. घरी सहा माणसं.

“काय चोरीला गेलं?” त्यांनी कागद काढला.

“नाणी,” काकू म्हणाल्या.

“कशी दिसायची?”

“दिसत नाहीत.”

“ठेवली कुठं होती?”

“कुठंच नसतात.”

हवालदारांनी पेन मिटलं. “संशय कुणावर?”

“ज्याला ते बारा शब्द ठाऊक असतील त्याच्यावर,” चिमी म्हणाली.

“ठाऊक कुणाकुणाला आहेत?”

विचारता विचारता हवालदारच खाकरले. “तसे मला पण आहेत,” ते म्हणाले. “मी टनेल होतो.” मग त्यांनी चिमीला तालुक्याला सायबर कक्षात भरायचा अर्ज दिला. नवऱ्याच्या नावानं भरायचा, त्याच्या सहीनं. “यात सगळं विचारतात,” ते म्हणाले. “कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाचा फोन आला होता, कुणाला काय सांगितलं. खरं लिहायला सांगा. असल्या कामात चोर कधी भिंतीशी बसलेला नसतो. तो पार लांब कुठं तरी असतो, आणि फार गोड बोलतो.”

चिमी माहेरून रोज एसटीनं दवाखान्यात जाई, संध्याकाळी येई, आईचे गुडघे चोळी. अर्ज तिनं पिशवीत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो वाचताना ‘किती वाजता’पाशी ती अडली. पैसे गेल्याचं कळलं त्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारी ती ड्युटी संपवून घरी आली होती. नवरा जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता. ‘हो सर, नक्की सर, सुरक्षेसाठीच ना सर.’ हातात ती स्टीलची पट्टी होती. तिला बघून त्यानं पाठ वळवली होती. तिला तेव्हा वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचा असेल फोन.

ती बसमधून उतरून सरळ त्याच्या दुकानात गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा काकू चुलीशी होत्या. चिमी ओट्यावर वडिलांजवळ बसली. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि समोर रस्ता. तिनं औषधाची एक रिकामी पुडी उलगडली आणि तिच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलं:

‘त्यांनीच सांगितले. फोनवर. कंपनीतून बोलतो म्हणाला, तुमच्या पैशांवर कुणाची तरी नजर आहे, शब्द पडताळून घेऊ. यांनी वाचून दाखवले. तासाभरात पैसे गेले. खूप रडले. इथं कुणाला कळलं तर परत तोंड दाखवणार नाहीत म्हणाले.’

काकांनी पुडी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते; काय लिहिलंय ते परत म्हणायची सवय. मग त्यांनी समोर बघितलं. पलीकडं उद्याच्या टँकरसाठी गिरणीवाल्या मावशी हंडा लावत होत्या. मावळतीचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर होतं.

“तू काय म्हणालीस त्यांना?” काकांनी त्यांच्या मानानं हळू विचारलं.

चिमीनं खाली लिहिलं: ‘राग आला. पण माणूस वाईट नाही.’ मग जरा थांबून: ‘मला घरी जायचंय.’

काकांनी पुडीचे बारीक बारीक तुकडे केले आणि कुठं टाकावे ते न सुचून खिशात ठेवले.

रात्रभर आणि सकाळभर ते एकाच गोष्टीशी झगडत होते. गावाला खरं सांगावं तर जावई गावात हसू होणार. आणि सासरवाडीत ज्याचं हसू झालं तो माणूस पुन्हा त्या रस्त्याला येत नाही, आणि त्याच्या रस्त्यालाच चिमीचं घर होतं. न सांगावं तर पन्नास माणसं चोर ठरून उन्हात बसणार. पूर्वी बरं होतं, काकांना वाटलं. पूर्वी चोर पातेलं आणून ठेवायचा, आणि कुणालाच काही बोलावं लागत नव्हतं.

दहाच्या सुमारास मोटरसायकल आली. जावयांची दाढी वाढली होती. ते आत येऊन बसले आणि भिंतीकडं बघत राहिले. चिमी त्यांच्याकडं बघत नव्हती. पण चहा तिनंच ठेवला. काकूंना काही ठाऊक नव्हतं. त्या गुडघे धरून उठल्या आणि हंडा घेऊन निघाल्या.

“मामी, द्या इकडं,” जावई म्हणाले. “मी लावतो रांगेत.”

“तुम्ही? जावई माणूस?”

“द्या.”

हंडा घेऊन ते रस्ता ओलांडून गेले आणि मावशींच्या मागं उभे राहिले. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी हाकललंही नाही. ऊन असं होतं की हंड्याच्या काठाला हात लावला तर चटका बसावा.

काकांनी पंचा डोक्याला न बांधताच पायांत चपला सरकवल्या. रस्ता ओलांडून ते रांगेच्या मधोमध उभे राहिले. कधी सभेत बोलले नव्हते.

“एक सांगायचंय,” ते म्हणाले. कान गेलेल्या माणसाचा आवाज. टँकरच्या वळणापर्यंत गेला असेल. “तुमच्यापैकी कुणी काही केलेलं नाही. चूक माझी. मला फोन आला होता.”

जावयांनी मान वर केली.

“एक माणूस बोलला. कंपनीतला. फार गोड. म्हणाला, शब्द सांगा, तपासून घेतो. मी सांगितले. बाराच्या बारा. त्यानं नेलं सगळं. मी म्हातारा माणूस, मला काय कळतंय. तुमच्यावर आळ घेतला, माफ करा.”

रांगेतली पन्नास माणसं काकांकडं बघत होती. ज्यांच्या कानाशी बायकोला अक्षर अक्षर ओरडावं लागतं, ज्यांनी उभ्या जन्मात फोन हातात धरला नव्हता, ते काका उन्हात उभं राहून सांगत होते, की एक गोड आवाज त्यांच्याशी फोनवर बोलला. हवालदार आपल्या कळशीत बघायला लागले. पोस्टमनआजोबांची नजर काकांवरून निघाली, मावशींच्या मागं उभ्या माणसावर क्षणभर टेकली आणि परत काकांवर आली. मग ते काठी टेकत उठले.

“काय हो काका,” ते काकांच्या तोंडासमोर येऊन ओरडले, “एवढे केस पिकले, आणि कुणीही मागितलं की देऊन टाकायचं?”

“चुकलं,” काका म्हणाले.

“चुकलं काय! कुणी फोनवर घर मागितलं तर तेही द्याल!” हवालदार म्हणाले.

“काकूंना द्याल!” मागून कुणी बाई ओरडली.

“काकूंना कोण नेतंय, आवाज ऐकून परत आणून सोडेल!”

रांग हसली. एकदा हसायला लागल्यावर थांबेना. ज्याला जे सुचेल ते प्रत्येकानं काकांना सुनावून घेतलं, मोठ्यानं, त्यांना नीट ऐकू जाईल असं. काका मान खाली घालून उभे होते. मनातून त्यांना बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो आणि एका फटक्यात जमलं, कुणाला शंकासुद्धा आली नाही. पोस्टमनआजोबांनी आपली कळशी उचलली आणि रस्ता ओलांडून भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली. मग सगळी रांग उठली.

भांडी इकडून तिकडं नेण्याच्या त्या गडबडीत जावई मावशींच्या मागोमाग हंडा घेऊन चालले होते. त्यांचे ओठ हलताना काकांनी पाहिले. मावशींनी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांचेही ओठ हलले. जावई क्षणभर जागीच थांबले, मग वाकून हंडा त्यांनी पुढं सरकवला.

काय बोलणं झालं ते काकांना कळलं नाही. ओट्यावर उभ्या असलेल्या काकूंनी ते ऐकलं होतं, आणि चिमी सासरी गेल्यावर त्यांनी ते काकांच्या कानात, जमेल तितकं हळू, सांगितलं.

जावई म्हणाले होते, “मावशी, तो फोन मला आला होता.”

आणि मावशी म्हणाल्या होत्या, “माहितीय. हंडा पुढं घ्या.”